मुंबईच्या विमानतळावर मराठी माणूस एकटा का पडावा?

सीमाभागातील आमच्या अनेक गावांत एक तरी घर असे असते, की ज्यातला कर्ता मुलगा दुबईला, मस्कतला किंवा कतारला कामाला आहे. कारवार आणि गोव्याकडे तर ही गोष्ट आता दोन-तीन पिढ्यांची झाली. या मुलांचा परदेशाचा रस्ता बहुतेक वेळा मुंबईवरून जातो. घरची माणसे गाडी करून त्याला पोचवायला जातात, विमानतळाच्या दारात त्याच्या कपाळी अंगारा लावतात आणि काचेपलीकडे तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहतात. काचेच्या आत त्याचे पुढे काय होते, हे मात्र दाराबाहेरच्या माणसांना कळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलालाही ते आधी ठाऊक नसते.

म्हणून या विमानतळाची हकिकत, तेथल्या सोयी आणि तेथे आपल्या भाषेला असलेली जागा, या तिन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात असे आम्हांस वाटले. महाराष्ट्राच्या राजधानीतल्या या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. अशा ठिकाणी फक्त मराठी येणाऱ्या माणसाला परके वाटावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

जुहूच्या चिखलातून सुरुवात

मुंबईतील विमानांचा इतिहास सुरू होतो तो जुहूला. समुद्रकाठच्या सपाट जमिनीवर १९२८ साली तेथे विमानतळ झाला. नागरी विमान वाहतुकीसाठी देशात झालेला तो पहिला विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा पस मॉथ विमानातून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. तेथून पुढचे टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची ही सुरुवात होय.

जुहूचे दुखणे एकच होते, पावसाळा. समुद्राच्या पातळीवरची ही जमीन चार महिने चिखलात जाई आणि विमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने जवळच सांताक्रूझला मोठा तळ उभारला. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला आणि मोठी नागरी विमाने जुहू सोडून सांताक्रूझला आली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. स्वतंत्र भारताच्या आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीची मुहूर्तमेढ अशी मुंबईत रोवली गेली. जुहूचा विमानतळ आजही आहे, पण आता तेथे मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते.

सांताक्रूझ अपुरे पडले, सहार आले

सांताक्रूझला प्रवाशांसाठी १९५८ साली नवी इमारत उभी राहिली. त्या काळी ती पुष्कळ मोठी वाटली असणार. परंतु दोनच वर्षांनी, १९६० साली, एअर इंडियाकडे जेट विमाने आली आणि १९७१ साली जंबो आले. एका विमानातून तीन-साडेतीनशे माणसे एकदम उतरू लागली, तेव्हा तीच इमारत कोंदट वाटू लागली. १९६७ साली नेमलेल्या टाटा समितीने परदेशी वाहतुकीसाठी वेगळी इमारत बांधण्याची आणि सांताक्रूझ फक्त देशांतर्गत प्रवासासाठी ठेवण्याची शिफारस केली. १९७२ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले व त्याने हे काम हाती घेतले. दरम्यान सप्टेंबर १९७९ मध्ये सांताक्रूझच्या इमारतीला मोठी आग लागून तीन जण दगावले. त्यानंतर थोड्याच काळात, १९८०-८१ च्या सुमारास, सहारची नवी इमारत सुरू झाली.

सहार हे मुळात एका गावाचे नाव. ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती तेथे आहे आणि या समाजाची घरची बोली मराठीचीच एक बोली आहे. सांताक्रूझ हे नाव पोर्तुगीज, त्याचा अर्थ पवित्र क्रूस. विलेपार्ले, मरोळ, कलिना, कुर्ला अशा गावांच्या मधोमध हा विमानतळ वसला आणि पुढे शहराने त्याला चहूबाजूंनी वेढले. विमानतळाच्या शेकडो एकर जमिनीवर झोपडवस्त्या उभ्या राहिल्या. मिठी नदी धावपट्टीखालून वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. जुहूला जो पाऊस नडला, त्याने सांताक्रूझलाही सोडले नाही.

सहारची आठवण आखातात गेलेल्यांच्या घरी निघते ती १९९० सालामुळे. इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर तेथील आपली माणसे वाळवंट ओलांडून जॉर्डनमधील अम्मानला पोचली. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सुमारे दोन महिने एअर इंडियाची विमाने अम्मान ते मुंबई अशा फेऱ्या मारीत होती. ४८८ फेऱ्यांत सुमारे १ लाख ११ हजार माणसे परत आणली गेली. नागरी विमानांनी केलेली ही जगातील सर्वांत मोठी सुटका म्हणून नोंदली गेली आहे. हातात एखादी पिशवी आणि अंगावरच्या कपड्यांनिशी माणसे मुंबईत उतरली, आणि आयुष्याची कमाई मागे टाकून आलेल्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नाव बदलले, मालक बदलले

१९९९ साली या विमानतळाला छत्रपती शिवाजी आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव मिळाले. ‘महाराज’ हा शब्द त्यात नव्हता आणि ही गोष्ट अनेकांना खटकत होती. २०१८ साली तो जोडला गेला. तिकिटावर आणि सामानाच्या चिठ्ठीवर मात्र अजून ‘बी-ओ-एम’ हीच तीन इंग्रजी अक्षरे असतात. ती बॉम्बे या जुन्या नावावरून आली आणि जगभरच्या व्यवहारात रुळली म्हणून राहिली. शहराचे नाव १९९५ साली मुंबई झाले, तरी ही खूण बदलली नाही.

कारभारही या काळात बदलला. २००६ साली केंद्र सरकारने हा विमानतळ खाजगी-सरकारी भागीदारीत दिला. जीव्हीके समूहाच्या पुढाकाराखालील कंपनीकडे ७४ टक्के आणि विमानतळ प्राधिकरणाकडे २६ टक्के अशी विभागणी होती. २०२१ साली जीव्हीकेच्या जागी अदानी समूह आला. सुरक्षा सरकारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आणि पासपोर्ट तपासणी सरकारी इमिग्रेशन खात्याकडे आहे. हे ध्यानात ठेवावे, कारण अडचण आली तर कोणाकडे जायचे ते यावरून ठरते. विमानाच्या तिकिटाची तक्रार जवानापुढे मांडून उपयोग नाही, ती विमान कंपनीच्या खिडकीवरच न्यावी लागते.

आजचा विमानतळ

आज परदेशी जाणारे प्रवासी ज्या इमारतीतून जातात ती टर्मिनल दोन. १० जानेवारी २०१४ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले व पुढच्या महिन्यात तेथून विमाने सुटू लागली. जुने सहार चालू ठेवून त्याच्याच जागेवर टप्प्याटप्प्याने ही इमारत बांधली गेली. वर्षाला चार कोटी प्रवाशांचा अंदाज धरून ती आखली होती. खांब आणि छत यांवर मोरपिसाच्या नक्षीची छाप आहे. ‘जय हे’ या नावाने देशभरातील हजारो कलावस्तू भिंतींवर मांडल्या आहेत. त्यांचे नियोजन राजीव सेठी यांनी केले. परदेशी जाण्याच्या गडबडीत त्यांकडे पाहण्याचे भान थोड्यांनाच असते.

धावपट्ट्या दोन आहेत. त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमाने उतरवता येत नाहीत. म्हणजे नावाला दोन, कामाला एकच. मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम असून ती सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. तिच्या टोकांवरील ०९ आणि २७ हे आकडे दिशेचे अंश सांगतात. ९० अंश म्हणजे पूर्व, २७० अंश म्हणजे पश्चिम, शेवटचे शून्य तेवढे गाळलेले. एवढ्यावरही २०१८ साली एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा मुंबईने करून दाखवली. २०२४-२५ या वर्षात येथून साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी गेले-आले. आकाशात विमान घिरट्या घालत राहते आणि उतरायला उशीर होतो, त्याचे एक मोठे कारण या गर्दीत आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने काही गोष्टी पाठ कराव्यात. टर्मिनल एक सांताक्रूझच्या बाजूला व टर्मिनल दोन सहारच्या बाजूला आहे. दोन्हींत रस्त्याने काही किलोमीटरचे अंतर आहे, म्हणून तिकिटावरचे टर्मिनल आधी वाचावे. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचावे. दारावर तिकीट आणि पासपोर्ट पाहून जवान आत सोडतो, पोचवायला आलेली माणसे येथेच थांबतात. सर्वांत वरच्या मजल्यावर सामान देण्याच्या खिडक्या आहेत. तेथे मोठी बॅग द्यावी, तिची चिठ्ठी जपून ठेवावी आणि बोर्डिंग पास घ्यावा. त्यानंतर इमिग्रेशन, मग अंगझडती व हातातल्या सामानाची तपासणी, आणि शेवटी पासवर छापलेल्या आकड्याचे गेट. चालण्यास त्रास असलेल्या वृद्धांना चाकाची खुर्ची मिळते. ती विमान कंपनीला तिकीट काढतानाच सांगून ठेवावी.

मुंबईत पोचल्यावर पुढचा प्रवासही आता सोपा झाला आहे. भुयारी मेट्रोची ॲक्वा मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. मिरज-पुणेमार्गे रेल्वेने आलेला माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर किंवा दादरला उतरून याच मेट्रोने थेट विमानतळाच्या स्थानकावर जाऊ शकतो. दादर स्थानकावरून मेट्रोपर्यंत सामानासह थोडे चालावे लागते, एवढे लक्षात ठेवावे.

कागद इंग्रजी, माणूस मराठी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विमानतळावरील आपल्या माणसाची खरी भीती विमानाची नसते, कागदाची असते. पूर्वी परदेशी जाताना प्रत्येकाला एक इंग्रजी फॉर्म भरून द्यावा लागे. नाव, पासपोर्ट क्रमांक, विमान क्रमांक, जाण्याचे कारण, असे सारे त्यात लिहायचे. गवंडी, सुतार, ड्रायव्हर म्हणून निघालेली आमची मुले हातात पेन घेऊन शेजारच्या शिकलेल्या प्रवाशाकडे पाहत. कोणी आपुलकीने भरून देई, कोणी तोंड फिरवी. परत येणाऱ्या भारतीयांसाठीचा फॉर्म मार्च २०१४ पासून आणि जाणाऱ्यांसाठीचा जुलै २०१७ पासून बंद झाला. एक कागद कमी झाला आणि कित्येकांची अवघड वेळ टळली. भाषेचा अडसर दूर करण्याचा हाही एक मार्ग आहे, की जो कागद लागतच नाही तो मागूच नये.

दुसरा कागद मात्र राहिला आहे. दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पासपोर्टला सामान्यतः ईसीआर, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागणारा, हा दर्जा असतो. असा माणूस आखाती व इतर ठरावीक देशांत कामाला जाणार असेल तर त्याला सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मंजुरी घ्यावी लागते. १९८३ च्या कायद्याने हे घातले आहे आणि हेतू मजुरांची फसवणूक रोखणे हा आहे. या मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाख रुपयांचे संरक्षणही मिळते. एजंट घाईत ‘टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे बघू’ असे सांगतो, तेव्हा तो हेच संरक्षण काढून घेत असतो. इमिग्रेशनच्या खिडकीवर मुलगा अडवला गेला तर एजंट तेथे हजर नसतो. म्हणून गावातून निघण्यापूर्वीच कागद कोणा जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत आणि नोकरीचा करार मराठीत समजावून घ्यावा. न समजलेल्या कागदावर सही करू नये.

फलकांचे काय? मुंबई विमानतळावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तिन्ही भाषांत दिशाफलक आहेत. प्रसाधनगृह, आगमन, प्रस्थान हे शब्द आपल्या लिपीत दिसतात आणि मनाला धीर येतो. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री सुरेश प्रभू यांच्या सूचनेनुसार, देशातील विमानतळांवरील घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदीत व शेवटी इंग्रजीत व्हाव्यात असे ठरले. ही गोष्ट स्वागतार्ह होती. परंतु ज्या विमानतळांवर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची पद्धत आहे, त्यांना ती लागू नव्हती. मुंबई अशा शांत विमानतळांपैकी एक आहे. गोंगाट कमी व्हावा म्हणून तेथे सर्वत्र ऐकू जाणाऱ्या घोषणा केल्या जात नाहीत. विमानाची वेळ आणि गेट पडद्यावर पाहावे लागते.

शिकलेल्या प्रवाशाला ही शांतता सुखाची वाटते. ज्याला वाचण्यापेक्षा ऐकून लवकर कळते, त्याची मात्र एक सोय यात गेली. एसटीच्या स्टँडवर ‘निपाणी-कोल्हापूर गाडी फलाट क्रमांक चारवर’ अशी हाक ऐकून गाडी पकडणारा माणूस येथे पडद्यासमोर उभा राहतो, आणि तेवढ्यात गेटचा आकडा बदलतो. ऐकून कळायची सोय नसेल तर वाचून कळायच्या सोयीवर सारा भार येतो. म्हणून फलकावरील मराठी ही येथे केवळ मानाची गोष्ट नाही. त्या अक्षरांवर कोणाचे विमान अवलंबून असते, आणि विमानावर त्याची नोकरी.

सीमाभागातील वाचकाला यात आणखी एक गोष्ट दिसेल. विमानतळ ज्या राज्याच्या हद्दीत, त्या राज्याची भाषा ही तेथली ‘स्थानिक’ भाषा, असा सरकारी हिशेब आहे. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळावर, जो १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधला, हाच हिशेब लागतो. आजूबाजूच्या गावांत घरोघरी कोणती भाषा बोलली जाते, हे त्यात विचारले जात नाही. कानडीची जागा कानडीला असावी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण ज्यांच्या शेतांवरून विमाने जातात त्यांचीही भाषा एका कोपऱ्यात लिहिली गेली तर कोणाचे काय बिघडते, एवढेच आम्ही विचारतो. मुंबईत कन्नडभाषक वृद्धेला तिच्या भाषेत कोणी वाट दाखवली तर आम्हांला आनंदच होईल.

नवी मुंबई : पुन्हा तोच प्रश्न

मुंबईचा विमानतळ आता तिसऱ्यांदा नव्या जागी पाय टाकत आहे. उलव्याजवळ नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी आणि सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर नऊ कोटी प्रवाशांची सोय होईल, अशी ही आखणी आहे. यासाठी उलव्याची टेकडी छाटली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही अशा दहा गावांच्या लोकांनी घरे सोडली. १९८४ च्या जासई आंदोलनाने शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवून दिला. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव या विमानतळाला द्यावे, असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने २०२२ साली केला.

आमच्याकडून पुण्यामार्गे रस्त्याने जाणाऱ्याला पनवेल आधी लागते, सहार नंतर. त्यामुळे पुढे सीमाभागातील प्रवाशांना नवी मुंबई अधिक सोयीची होईल. मात्र येथून पुढे ‘मुंबईचे तिकीट’ एवढे सांगून भागणार नाही. तिकिटावर ‘बी-ओ-एम’ आहे की नवी मुंबईचा ‘एन-एम-आय’, हे पाहिल्याशिवाय गाडी ठरवू नये. गोव्यालाही हेच आहे, दाबोळीची खूण ‘जी-ओ-आय’ आणि जानेवारी २०२३ पासून चालू झालेल्या मोपाची ‘जी-ओ-एक्स’. एक अक्षर चुकले की माणूस भलत्याच टोकाला जाऊन उभा राहतो.

आमचे मागणे

मागणे फार मोठे नाही. मराठी अक्षरे इंग्रजीच्या खाली बारीक नसावीत, लांबून वाचता येतील एवढी असावीत. गेट बदलल्याची सूचना पडद्यावर मराठीतही दिसावी. चौकशीच्या प्रत्येक खिडकीवर मराठी समजणारा एक माणूस दिवसरात्र असावा, कारण आखाताची बरीच विमाने अपरात्री सुटतात. आणि ज्यांना वाचता येत नाही, त्यांना गेटपर्यंत नेऊन सोडण्याची सोय चाकाच्या खुर्चीप्रमाणेच मागता यावी.

काही काम आपलेही आहे. विमानतळावर मराठीत विचारायला लाजू नये. तेथील सफाई कामगारांपासून खिडकीवरच्या मुलींपर्यंत मराठी बोलणारी पुष्कळ माणसे आहेत, पण आपणच मोडक्या हिंदीत सुरुवात करतो आणि तीही हिंदीतच उत्तर देतात. दुसरे असे, की गावात आखातातून सुट्टीवर आलेली मुले असतात. त्यांनी पहिल्यांदा निघालेल्या मुलाला एका संध्याकाळी वाचनालयात किंवा मंडळाच्या खोलीत बसवून आपला जुना बोर्डिंग पास समोर ठेवावा. विमान क्रमांक कुठे, गेट कुठे, वेळ कुठे, हे बोट ठेवून दाखवावे. अर्ध्या तासाचे काम आहे. सुट्टी संपण्यापूर्वी ते व्हावे.